गार हवा

"दिगू, भैरूच्या जीपच्या मागनंच जायचं. पुढं काढायची नाही गाडी," आईनं पुढच्या सीटवर बसता बसता बजावलं आणि पदर सावरून काच वर करायला लावली.

"आई, अजून गाडी चालूसुद्धा केली नाही मी."

"चालू केलीस की मग माझं ऐकतोस होय?"

दिगू हसला. मी मागच्या सीटवर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत तिची फाइल, एक चादर आणि झाकणाची छोटी बाटली. दिवसभरात आईनं किती पाणी प्यायचं ते त्या बाटलीवर ठरलेलं. पावसानं सकाळपासून जरा उघडीप दिली होती, पण आभाळ असं खाली आलं होतं की गावामागची टेकडी अर्धीच दिसत होती.

मी पंचमीला माहेरी आले होते आणि अडकून पडले होते. आमचं करंबळवाडी गडहिंग्लजपासून फार लांब नाही, पण मधे हिरण्यकेशीचं खोरं. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. मोठा पूल पाण्याखाली गेला होता आणि त्यामुळं मंगळवारी आईची डायलिसिसची पाळी हुकली होती.

आईच्या किडन्या जाऊन तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा गडहिंग्लजला न्यायचं, मशीनला लावायचं, संध्याकाळी परत आणायचं. गावात म्हणायचे, पार्वतीकाकींचं रक्त धुवायला नेतात. डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच समजावलं होतं की प्यालेल्या पाण्याला बाहेर जायला आता वाट नाही, ते मशीननंच काढायचं, नाहीतर अंगात साठतं आणि शेवटी फुफ्फुसात भरतं. एक पाळी हुकल्यावर आईचे पाय भाकरीसारखे फुगले होते. आडवं झालं की तिला घुसमटायला व्हायचं. दोन रात्री तिनं भिंतीला टेकून बसून काढल्या होत्या. शुक्रवार चुकवून चालणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भैरूअण्णा येऊन सांगून गेला की माळावरच्या आडरस्त्यानं हायवेला जाता येतंय. दोन ओढे लागतात, पण पाणी गुडघ्याएवढंच आहे. तो दुधाचे कॅन घेऊन जीपनं निघणारच होता. "काकी, जीपमधनं येता?" त्यानं विचारलंही. पण जीपच्या मागच्या बाकड्यावर आईला बसवलं नसतं आणि पुढं त्याची म्हातारी सासू होती. शिवाय आईच म्हणाली, "आपल्या गाडीनं जाऊ. तिच्यात गार हवा हाय."

दिगू काजूच्या कारखान्यात मशीनवर होता. गाडी त्यानं आईसाठीच घेतली होती. दुसऱ्याची वापरलेली, छोटी, पांढरी. एसटीनं जाऊन येऊन आई अर्धमेली व्हायची, म्हणून. पण गाडी थकलेली होती. गावाबाहेरचा चढ चढताना एसी लावला की गाडीला दम लागायचा, आणि एसी बंद केला की आईला. मग दिगूनं कुणाकुणाला विचारून, कोल्हापूरला जाऊन तिला एक नवा फिल्टर बसवून आणला. मी आल्या दिवशीच त्यानं कौतुकानं बॉनेट उघडून दाखवलं होतं.

"इथं वर काळा डबा होता बघ ताई, हवेचा. इंजिन इथली तापलेली हवा ओढायचं. आता तो काढला. हा पाइप खाली बंपरच्या मागं नेलाय, फिल्टर तिथं खाली. खालची गार हवा मिळती. गार हवेत जोर असतो."

"आणि चिखलबिखल नाही जात आत?"

"टोपी घातलीय की त्याला. कापडाची. शिंतोडा जात नाही."

आई उंबऱ्यातून ऐकत होती. "गाडीला पण माझ्यासारखी गार हवाच लागती म्हणं," ती म्हणाली होती, आणि आम्ही तिघंही हसलो होतो. खरंच, तो पाइप बसवल्यापासून गाडी तो चढ एसी लावून चढायची. दर पाळीच्या दिवशी आई पुढं बसून, काच वर करून, तोंडावर गार वारा घेत, डोळे मिटून जायची.

पहिला ओढा आम्ही सहज पार केला. पाणी चाकांच्या निम्म्यालाही नव्हतं. मग माळाचा उंचवटा आला. त्याच्यावर एकच घर होतं, कौलारू, पुढं गोठा. तिथून रस्ता दुसऱ्या ओढ्यात उतरत होता. हा मोठा. नदीच्या फुगवट्याचं तांबडं पाणी त्यात मागं सरकून आलेलं. भैरूअण्णाची जीप आमच्या डोळ्यांदेखत त्यात उतरली, दोन्ही बाजूंना पाणी उडवत पलीकडं चढली आणि हात बाहेर काढून त्यानं 'या' अशी खूण केली. मग जीप वळणाआड गेली.

दिगूनं गाडी थांबवली. पाण्याकडं बघितलं. मग पहिल्या गिअरमध्ये टाकून हळूहळू उतरला.

"हळू रे," आई म्हणाली.

"हळूच चाललोय."

मध्यावर पाणी बंपरला लागलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मला वाटलं, झालं, पोचलो. आणि एकदम पुढून धप्प असा आवाज झाला. कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा. गाडी जागच्या जागी थांबली.

दिगूनं किल्ली फिरवली. नुसतं टक. पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदा फिरवायला हात नेला आणि मागं घेतला. तो दार उघडून पाण्यात उतरला, बॉनेट उघडलं, वाकून हात खाली घातला. कोपरापर्यंत त्याचा हात पाण्यात गेला. मला काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यानं मला सगळं सांगितलं, पण मी तरीही उतरून त्याच्याजवळ गेले.

"काय झालं?"

"पाणी ओढलं गं तिनं."

"सायलेन्सरमधनं?"

"नाही. नाकातनं." त्यानं पाइपावर हात ठेवला. "फिल्टरच पाण्यात बुडालाय. हवा म्हणून पाणीच ओढलं. आता ही काय चालू होत नाही." मग एकदम म्हणाला, "वरचा डबा असता तर गेलो असतो ताई. भैरूअण्णा गेला की नाही?"

मी त्याला म्हटलं, आधी आईला बाहेर काढू. त्यानं हॉर्न वाजवून बघितला, वळणाकडं तोंड करून भैरूअण्णाला हाका मारल्या. कुणी आलं नाही. फोनला रेंज नव्हती, दोन दिवस वीजही नव्हती. आणि पाणी वाढत होतं. उतरले तेव्हा मांडीला होतं, बोलेपर्यंत कमरेला लागायला लागलं.

दिगूनं आईला पाठुंगळी घेतलं. "सोड रे, मी चालते," ती म्हणत होती, पण तिला श्वास पुरत नव्हता. मागं उंचवट्यावरच्या घरातून एक माणूस पळत खाली आला. काळासावळा, तिशी-पस्तिशीचा, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यानं एका बाजूनं आईला आधार दिला आणि दोघांनी तिला घरात आणलं.

त्याचं नाव मलगोंडा. बायको गौरव्वा. दोघांचं मराठी कानडी वळणाचं. गौरव्वानं आईला कोरडं लुगडं नेसवलं, चुलीपुढं पोतं अंथरलं. "आडवं व्हा आई," ती म्हणाली. मी सांगितलं की तिला आडवं होता येत नाही. तर तिनं घरातल्या सगळ्या वाकळा आणि धान्याची एक पिशवी भिंतीला लावून आईला टेकायला जागा केली.

दुपारपर्यंत दोन्ही ओढे चढले. मागं गावाकडं जाता येईना, पुढं हायवेला जाता येईना. दारातून खाली बघितलं की गाडीचं नुसतं टप दिसायचं. संध्याकाळी तेही दिसेनासं झालं.

दिगू एकदा पाण्यात उतरून आला. छातीपर्यंत गेला आणि धारेनं ढकलल्यावर मागं फिरला. ओलाचिंब होऊन तो दारात उभा राहिला तेव्हा आई म्हणाली, "बस की जरा माझ्याजवळ."

तो बसला. पण तिच्याकडं बघेना. जमिनीकडं बघत म्हणाला, "आई, माझ्यामुळं झालं हे. मी तो पाइप बसवला नसता तर..."

"तुझ्यामुळं पाऊस पडला होय रे?"

मलगोंडा गालात हसला. दिगू नाही हसला. तो उठून पुन्हा दारात गेला. त्या संध्याकाळी तो किती वेळा दारात गेला आणि आत आला, माझ्या ध्यानात नाही. आई नुसती त्याच्या पाठीकडं बघत राहायची.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आईचे ओठ जांभळट झाले होते. खोकल्याबरोबर फेस येत होता. श्वासाचा आवाज घरभर ऐकू यायचा, हुक्क्यात पाणी गुरगुरावं तसा. आणि तिला तहान लागली होती. तीन वर्षं तिला कायमच तहान असायची, पण त्या दिवशी ती एकसारखी पाणी मागत होती. मी बाटलीच्या झाकणात ओतून थेंब थेंब देत होते. ओलं फडकं ओठांना लावत होते. चारी बाजूंनी एवढं पाणी होतं आणि मी आईला झाकणानं मोजून देत होते. मला दुसरं काही करायचं ठाऊक नव्हतं. डायलिसिस मिळेपर्यंत पाणी द्यायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं होतं.

दिगूनं गोठ्यातून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली आणि मलगोंडाच्या मदतीनं ती फुगवली. मला कळलं तो काय करणार आहे.

"जाऊ नकोस," मी त्याला गोठ्याआड नेऊन म्हणाले. "तुला काही झालं तर मी काय करू? आणि तिच्याकडं बघ. सारखी तुलाच शोधती."

"हायवेला पोचलो की बोट मिळंल. भैरूअण्णा काल सांगत होता, बोटी फिरत्यात म्हणून. मिल्ट्रीच्या."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर काय ताई? इथं बसून बघत बसू?"

"हो," मी म्हणाले. "बघत बस. तिच्याजवळ बस."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझं मलाच बोलल्याचं वाईट वाटलं. सव्वीस वर्षांचा माझा भाऊ एका रात्रीत पन्नाशीचा दिसायला लागला होता. "माझ्यामुळं बंद पडली गाडी," तो म्हणाला. "मीच आणतो तिला बाहेर."

मलगोंडा म्हणाला, "मी बी येतो की. मला धार ठाव हाय."

"नको. तुम्ही थांबा," दिगू म्हणाला. "ह्या दोघींजवळ कुणीतरी पाहिजे."

आत जाऊन त्यानं आईच्या पायांना हात लावला. "आई, आलोच. बोट घेऊन येतो."

"बस की," आई म्हणाली.

"आलोच."

मलगोंडानं त्याला वरच्या अंगाला नेलं, जिथं धार जरा कमी होती. मी दारातून बघत होते. काळी ट्यूब पाण्यावर तिरकी तिरकी जात राहिली, एकदा भोवऱ्यात फिरली, आणि पलीकडच्या बाभळींत अडकली. मग एक हात वर झाला. तो पोचला होता. मी आत येऊन आईला सांगितलं, "पोचला गं."

"गेला?" आई म्हणाली.

त्यानंतर ती थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "दिगू आला का?" मी म्हणायचे, "येईल आता." गौरव्वा तिचे तळपाय चोळत होती. चुलीवर कसला तरी काढा उकळत होता, तो कुणीच प्यालं नाही. पुढं पुढं आईचे डोळे ठरेनात. माझ्याकडं बघत असली तरी माझ्या मागच्या कशाकडं तरी बघतेय असं वाटायचं. हात पुढं करून हवेत काही चाचपायची आणि पुन्हा तेच, "दिगू आला का?"

मला ते ऐकवेना. मी उठून बाहेर गेले. मलगोंडा ओसरीत उकिडवा बसून पाण्याकडं डोळे लावून होता.

"दादा," मी म्हणाले, "तुम्ही आत येऊन आईजवळ बसता? तिचा हात हातात घ्या. बोलू नका, नुसतं हूं म्हणा. मी तिला सांगते दिगू आला म्हणून."

तो दचकला. "ताई, हे बरोबर हाय काय?"

"मला माहीत नाही. पण बसा तुम्ही."

त्यानं मुंडाशानं हात पुसले. दोनदा पुसले. आत येऊन आईच्या उजव्या अंगाला बसला आणि तिचा हात हातात घेतला. मी म्हणाले, "आई, दिगू आला बघ."

आईनं मान वळवली. "आलास?"

"हूं."

"भिजलास रे."

"हूं."

ती त्याच्या हातावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला पाणी दे. ही शैला देत नाही. झाकणानं पाजती मला, तान्ह्या पोराला पाजल्यागत."

मलगोंडानं माझ्याकडं बघितलं. तो त्याच्या घरातलं पाणी द्यायचं की नाही हे मला विचारत होता. मी तिच्या छातीकडं बघितलं, तिच्या ओठांकडं बघितलं, आणि मान हलवली. द्या.

पाणी आणायला मीच उठले. माझ्यामागं आतल्या खोलीत येऊन गौरव्वानं माठातलं पाणी तांब्यात भरलं. तांब्या तिच्याकडून घेतानासुद्धा माझा हात मधेच थांबत होता. बाहेर आले तेव्हा आई मलगोंडाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मी आल्यावर थांबली. मी तांब्या मलगोंडाच्या हातात दिला. त्यानं तिच्या मानेखाली हात घालून तिला जरा उचललं आणि तांब्या ओठांना लावला. आई प्याली. थांबत थांबत, श्वास घेत घेत, सगळं प्याली.

"गार हाय," ती म्हणाली.

मग तिनं डोळे मिटले. दुपारी पाऊस ओसरला, ऊनही पडलं थोडा वेळ. मलगोंडानं तिचा हात सोडला नव्हता. तिचा श्वास कधी थांबला ते मला आधी कळलंच नाही. घर एकदम शांत झालं, आणि मलगोंडानं मान खाली घातली, तेव्हा कळलं.

बोट आली ती त्यानंतर. मी दारात बसले होते. लांबून इंजिनाची घरघर ऐकू आली आणि बाभळींच्या आडून नारिंगी बोट बाहेर पडली. पुढं दिगू उभा होता. लाइफ जॅकेट घातलेला, दोन्ही हात हलवत होता. "ताई! आणली गं बोट! आईला उचला!" तो ओरडत होता. त्याच्या आवाजात आनंद होता. एवढ्या वर्षांत मी त्या आवाजाइतकं काही विसरायचा प्रयत्न केलेला नाही.

गौरव्वानं पदर तोंडाला लावला. मी खाली पाण्यापर्यंत गेले. काही सांगावं लागलं नाही. मी हळू चालत येतेय हे बघूनच त्याचे हात खाली आले.

"कधी?" त्यानं विचारलं.

"मगाशी."

"मला विचारलं तिनं?"

"झोपेतच गेली," मी म्हणाले.

त्याच बोटीनं आईला गडहिंग्लजला नेलं. आमच्या गावचं मसणवट पाण्याखाली होतं, म्हणून तिकडंच अग्नी दिला.

गाडीचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. पाणी उतरल्यावर ती ओढून काढली. गॅरेजवाल्यानं पाइप सोडवला तर आतून तांबडं पाणी बदाबदा पडलं. इंजिन उघडल्यावर आतला दांडा वाकलेला निघाला. इंजिन हवा दाबतं, त्याला पाणी दाबता येत नाही, मग आतलं लोखंडच वाकतं, असं त्यानं सांगितलं. आणि हात पुसत पुसत, मनात काही नसताना बोलून गेला, "मूळचा डबा असता तर निघाली असती. गुडघाभर पाण्यानं काय होत नाही." गाडी भंगारात गेली. दिगूनं पुढं लग्न केलं, आता त्याला दोन मुली आहेत, नवी गाडीही आहे. पण अजून कुणाच्या गाडीला तसला पाइप दिसला की तो रस्त्यात उकिडवा बसून खाली वाकून बघतो की तोंड किती खाली आलंय. मालकाला सांगतो, पावसाळ्यात जुना डबा बसवून घे बाबा. कुणी ऐकतं, कुणी हसतं.

पण मला सांगायचं आहे ते बाराव्याचं.

त्या बारा दिवसांत दिगू कुणाशी धड बोलला नाही. डोकं भादरलेलं, डोळे कोरडे. रडला नाही. जेवायला बसायचा आणि घास हातात घेऊन तसाच राहायचा. एकदाच मला म्हणाला, "तू म्हणालीस बस, आईपण म्हणाली बस. दोघी म्हणालात." झोपेत गेली, एवढंच मी पुन्हा सांगितलं. मला वाटायचं, तेवढ्यानं तरी त्याला बरं वाटत असेल.

बाराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर दुपारी मलगोंडा आला. चालत आला होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात वांग्यांची पिशवी. पान वाढते म्हटलं तर नको म्हणाला. "धाकले मालक कुठं हाईत?" त्यानं विचारलं. दिगू परड्यात गुरांजवळ बसला होता. मी मलगोंडाला तिकडं घेऊन गेले. मला धास्ती वाटत होती, पण त्याला थांबवावं असंही वाटेना.

मलगोंडा दिगूसमोर खाली बसला. मग म्हणाला, "आईंचा एक निरोप हाय माझ्याकडं. तुमचा हाय. माझ्याकडं ठेवून मी काय करू?"

दिगूनं वर बघितलं. "कसला निरोप? ती झोपेत गेली."

मलगोंडानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "सांगा."

त्यानं सांगितलं. आई सारखी दिगूला विचारत होती ते सांगितलं. मी त्याला दिगूच्या जागी बसवलं ते सांगितलं. "माझ्या जागी?" दिगू माझ्याकडं वळला. "ताई, तू दुसऱ्याला..."

"ऐका की," मलगोंडा म्हणाला. "आईंना कळलं होतं."

मीसुद्धा मलगोंडाकडं वळले.

"ताई पाणी आणायला आत गेल्या, तवा आई मला म्हणाल्या, तू कुणाचा रे? मी म्हणालो, मी इथलाच, मलगोंडा. खोटं बोलायला जीभ वळली न्हाई माझी. तर म्हणाल्या, असू दे. माझ्या लेकीला सांगू नको मला कळलं म्हणून, तिला बरं वाटतंय. आणि माझ्या लेकाला सांग..." तो थांबला. डोळे मिटून त्यानं आठवलं. त्यानं ते बारा दिवस मनात घोकलं असावं, कारण पुढचं तो बोलला ते त्याच्या बोलीत नव्हतं, आईच्या होतं. "माझ्या लेकाला सांग, गाडीवर राग धरू नको. तुझ्या बानं मला सायकलवर नेलं, एसटीत उभं राहून नेलं, बैलगाडीनं नेलं. गार हवेत बसवून मला फकस्त तूच नेलंस. लई सुखानं नेलंस."

परड्यात रेडकू तेवढं हंबरत होतं. मी खांबाला धरलं. एवढे दिवस मला वाटत होतं की मी आईला फसवून सुख दिलं. आणि ती, श्वास पुरत नसताना, मला सांभाळून घेत होती.

"पाणी मी पाजलं आईंना," मलगोंडा खालच्या आवाजात म्हणाला. "तुमच्या नावानं पाजलं. चुकलं असंल तर..."

दिगूनं त्याला बोलू दिलं नाही. त्यानं पुढं होऊन मलगोंडाचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. त्याच्या पाठीतून पहिला हुंदका आला तो जनावरासारखा आला. मग तो रडतच राहिला. मलगोंडा दुसरा हात त्याच्या भादरलेल्या डोक्यावर ठेवून बसला होता, अवघडून, पण हलला नाही.

बऱ्याच वेळानं दिगूनं डोळे पुसले. "ती बसली होती ती जागा बघायची हाय मला," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बघितलंच नाही काही. नुसता दारात उभा राहत होतो."

"चला की," मलगोंडा म्हणाला. "वाकळा तशाच हाईत."

मी त्यांच्याबरोबर गावाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथून त्यांना बघत राहिले. पुढं मलगोंडा, मागं दिगू. रस्त्यावर गाळ वाळून त्याच्या भेगा पडल्या होत्या. पहिल्या ओढ्याशी मलगोंडा थांबला आणि त्यानं हात पुढं केला. पाणी घोट्यालाही लागत नव्हतं, पण दिगूनं तो हात धरला आणि दोघं पलीकडं गेले.